पेंढ्याची भिंत भट्टीसमोर: बाथमधल्या ‘बेलहाऊस’चं प्रकरण

ज्यानं खळ्याकाठची गंज पेटलेली एकदा पाहिली आहे, त्याला पेंढ्याच्या घराची कल्पनाच सहन होत नाही. कुठून तरी ठिणगी येते, कडेला धूर दिसतो आणि बादल्या येईपर्यंत जाळ माथ्यावर गेलेला असतो. वर्षाची वैरण तासाभरात राख होते. म्हणून पेंढ्याच्या पॅनेलचा विषय काढला की समोर गवंडी असो, शेतकरी असो की कर्ज देणारा बँक अधिकारी, पहिला प्रश्न एकच येतो: “आणि पेटलं तर?”

हा प्रश्न अनुभवातून आलेला आहे. त्यामुळे त्याला “नैसर्गिक आहे, चांगलंच असणार” असं उत्तर देणाऱ्यांचा मला राग येतो. माणसं ज्या भिंतीआड झोपणार, तिच्याबद्दल श्रद्धेनं बोलून चालत नाही. ती भिंत भट्टीसमोर उभी करून घड्याळ लावावं लागतं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठानं नेमकं तेच केलं. त्या एका घराचं प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे, कारण पेंढा, भुसा, अंबाडी, पाचट, बांबू, कशाचंही पॅनेल करायचं असलं तरी प्रश्न तेच येणार आहेत.

घर आणि त्यामागची अडचण

२००९ साली बाथ विद्यापीठाच्या आवारात एक दुमजली घर उभं राहिलं. त्याचं नाव ‘बेलहाऊस’. ‘मॉडसेल’ नावाच्या पद्धतीनं बनवलेली पॅनेलं जोडून ते बांधलं होतं. प्राध्यापक पीट वॉकर यांच्या नेतृत्वाखालच्या गटानं या घराचा आणि त्याच्या पॅनेलांचा अभ्यास केला. उष्णता, ओल, वारा, आग, सगळं त्यात आलं.

पेंढ्याच्या गाठी रचून घर बांधणं तेव्हा नवीन नव्हतं. अमेरिकेत नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर, जिथे लाकूडही मिळत नव्हतं आणि चांगली मातीही, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाठी बांधायचं यंत्र आल्यावर लोकांनी अशी घरं बांधली. त्यांतली काही आजही उभी आहेत. पण ती हौशी आणि गरजू माणसांनी स्वतःसाठी बांधलेली घरं होती. बाथमधल्या माणसांसमोरची अडचण वेगळी होती. ही भिंत कारखान्यातून यावी, तिच्यावर कर्ज मिळावं, विमा उतरावा, आणि घर विकत घेणाऱ्या सामान्य कुटुंबाला त्यात काही अचाट केल्यासारखं वाटू नये, असं त्यांना हवं होतं. बँक आणि विमा कंपनी सौंदर्याकडे बघत नाही. भिंत किती मिनिटं टिकते, किती ओल धरते आणि तीस वर्षांनी तिचं काय होतं, एवढंच ती विचारते.

पॅनेल तसं साधं आहे. जाड, चिकटवलेल्या लाकडी फळ्यांची चौकट, तिच्यात गव्हाच्या काडाच्या गाठी ठासून बसवलेल्या, आणि दोन्ही अंगांना चुन्याचा गिलावा. सगळी जाडी जवळपास अर्धा मीटर. पॅनेलं बांधकामाजवळच्या एखाद्या शेतावरच्या गोठ्या-कोठारात भरायची, म्हणजे काड फार लांबून आणावं लागत नाही आणि भरण्याचं काम छपराखाली, कोरड्यात होतं. मग क्रेननं उचलून जागेवर लावायची. कोरड्यात भरणं ही सोयीची गोष्ट वाटते, पण पुढे आग आणि ओल यांचा संबंध येईल तेव्हा ती आठवावी.

भट्टीत काय झालं

अग्निरोध चाचणीबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. कुणी तरी नमुन्याच्या तुकड्याला गॅसबत्तीची ज्योत लावतो, तो काळा होतो पण पेटत नाही, त्याचा व्हिडिओ होतो, आणि माल “फायरप्रूफ” म्हणून विकला जातो. त्या खेळाचा खऱ्या चाचणीशी काहीच संबंध नाही.

खऱ्या चाचणीत अख्खी भिंत, सांध्यांसकट आणि गिलाव्यासकट, एका मोठ्या भट्टीचं तोंड बंद करते. भट्टीतलं तापमान ठरलेल्या आलेखाप्रमाणे चढवतात: पाच मिनिटांत सुमारे ५७६ अंश सेल्सिअस, अर्ध्या तासात ८४२, एका तासात ९४५ आणि दोन तासांत १०४९. मग भिंतीच्या दुसऱ्या, थंड बाजूला उभं राहून तीन गोष्टी बघतात. पहिली, भिंत भार पेलत असेल तर ती अजून उभी आहे का? दुसरी, तिच्यातून ज्वाळा किंवा पेटवण्याइतका तप्त वायू पलीकडे येतो आहे का? यासाठी संशयाच्या जागी कापसाचा बोळा धरतात. तो पेटला तर भिंत नापास. फट पडली असेल तर तीत ६ मिलिमीटरची सळई घालून बघतात. ती आरपार जाऊन फटीच्या लांबीत १५० मिलिमीटर सरकली तरी नापास. तिसरी गोष्ट, थंड बाजूचं तापमान. ते सरासरी १४० अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये आणि कुठल्याही एका ठिकाणी १८० अंशांपेक्षा जास्त. कारण भिंतीत फट नसली तरी तिची पाठ तापली, तर तिला टेकून ठेवलेलं कपाट पेटू शकतं.

आपल्याकडेही हीच रीत आहे. भारतीय मानक ३८०९ हे बांधकामाच्या घटकांच्या अग्निरोध चाचणीसाठीच आहे.

मॉडसेलच्या पॅनेलला पास होण्यासाठी ३० मिनिटं टिकायचं होतं. भट्टीचं तापमान १००० अंशांपलीकडे गेलं, दोन तास उलटले, आणि पॅनेल तरीही नापास झालं नाही. गरजेच्या चौपटीहून जास्त वेळ ते टिकलं.

दोन तास म्हणजे काय, ते आकड्याबाहेर येऊन बघू या. झोपेतल्या माणसाला जाग येणं, आजीला धरून जिना उतरवणं, बंब येणं, पाण्याची नळी जोडली जाणं, हे सगळं त्या वेळात बसतं. अर्ध्या तासातही बसावं अशी कायद्याची अपेक्षा असते. पण आपल्या गावांत बंब तालुक्याहून येतो.

हा निकाल एकटाही नाही. २००६ साली अमेरिकेत गाठींच्या भिंतींवर तशाच मोठ्या चाचण्या झाल्या. मातीचा गिलावा दिलेल्या भिंतीला एका तासाचं मानांकन मिळालं, सिमेंटचा गिलावा दिलेल्या भार पेलणाऱ्या भिंतीला दोन तासांचं. पुढे २०१५ च्या निवासी बांधकाम संहितेत पेंढ्याच्या भिंतींसाठी स्वतंत्र परिशिष्ट आलं.

गंज पेटते, भिंत का पेटत नाही

हे कळण्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही, चुलीपाशी बसलं तरी पुरे. चूल पेटवताना काटक्या मोकळ्या रचाव्या लागतात. खाली हवा खेळली पाहिजे. घाईत कुणी लाकडं कोंबली, तर धूर कोंडतो, डोळे चुरचुरतात, जाळ धरत नाही, आणि मग फुंकणी शोधावी लागते. होळीत जुन्या वह्यांचा घट्ट बांधलेला गठ्ठा टाकून बघा. सकाळी राखेतून तो बाहेर काढला तर कडा काळ्या झालेल्या असतात, आतली पानं वाचता येतात. तोच कागद सुटा करून टाकला असता तर क्षणात गेला असता.

थोडा हिशेब मांडतो, कारण मला स्वतःला त्यानंच खात्री पटली. गाठीतलं काड एका घनमीटरला साधारण ११० किलो भरतं. १ किलो काड पूर्ण जळायला सुमारे ५ किलो हवा लागते. म्हणजे त्या घनमीटरभर गाठीला जळायचं तर साडेपाचशे किलो हवा पाहिजे. आता गाठीच्या आत, काड्यांच्या पोकळ्यांत अडकलेली हवा किती? गाठ बहुतांश हवाच आहे, तरी वजनात ती जेमतेम १ किलो. त्या हवेवर पावशेरसुद्धा काड जळणार नाही. उरलेली सगळी हवा बाहेरून यायला हवी. गंजीला ती चहूबाजूंनी मिळते. पॅनेलच्या दोन्ही बाजूंना गिलावा आहे आणि काड ठासलेलं आहे, तिथे ती येणार कुठून?

म्हणून भट्टीसमोरच्या भिंतीत गिलाव्याखालचं काड पेटत नाही, ते करपतं. आधी गिलावा उष्णता खातो. चुन्याच्या गिलाव्यात रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी असतं. ते सुटून वाफ होईपर्यंत पुष्कळ उष्णता त्यातच खर्च होते. मग काडाचा पहिला थर काळा पडतो. तो कोळसा स्वतःच उष्णतेचा वाईट वाहक असल्यामुळे मागच्या थराची राखण करतो. चौकटीच्या लाकडाचंही तेच. जाड लाकूड मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास आत करपत जातं, त्या संथ गतीनं, आणि आतला गाभा भार पेलत राहतो. बारीक काठी आणि जाड तुळई एकाच झाडाच्या असल्या तरी आगीत त्यांची जात वेगळी ठरते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण पेंढ्याच्या घरांचे चाहते ती टाळतात.

जुन्या घरांतली भुशाची शेगडी आठवा. पत्र्याच्या डब्यात वखारीतला भुसा ठासायचा, पण त्याआधी मधोमध एक बाटली उभी करायची आणि तळाच्या भोकातून एक दांडा आडवा घालायचा. भुसा ठासून ठासून घट्ट झाला की बाटली आणि दांडा हलकेच ओढून काढायचे. आत एक बोगदा तयार होतो. खालून पेटवलं की त्या बोगद्याच्या भिंतींवरून आग तासन्‌तास संथ चालते, दोन वेळचा स्वयंपाक होतो. तोच भुसा, तेवढाच ठासलेला. फरक फक्त त्या बाटलीएवढ्या पोकळीचा.

पेंढ्याच्या पॅनेलमधली प्रत्येक फट ही ती बाटली आहे. गाठ आणि चौकट यांच्यामधली बोटभर जागा, दोन गाठींच्या सांध्यातली पोकळी, विजेच्या बोर्डासाठी कोरलेला खड्डा, नळासाठी पाडलेलं भोक, खिडकीच्या चौकटीमागे गिलावा न पोहोचलेली पट्टी. या जागांतून हवा आत शिरली आणि वर निघायला वाट मिळाली, तर भिंतीच्या आत धुरांडं तयार होतं. मग बाहेरून गिलावा शाबूत दिसतो आणि आत आग चढत असते.

आणि काड नुसतं पेटत नाही, ते धुमसतंही. शेणी जशी विझली वाटते आणि राखेखाली निखारा धरून ठेवते, तसं गाठीच्या पोटात निखारा कितीतरी तास, कधी दिवससुद्धा राहू शकतो. अशा भिंतीला आग लागली की ज्वाळा विझवून परत फिरणं चालत नाही. गिलावा फोडून, करपलेलं काड उपसून, आत हात घालून ऊब तपासावी लागते. अग्निशमन दलाला हे आधी सांगून ठेवणं घरमालकाचं काम आहे.

उष्णतारोधन: तीच अडवलेली हवा

चाचणीतली तिसरी अट पुन्हा वाचा: थंड बाजूचं तापमान वाढता कामा नये. म्हणजे अग्निरोधाचा एक तृतीयांश भाग हा सरळसरळ उष्णतारोधनाचा आहे. जी अडकलेली हवा जाळाला पुरत नाही, तीच उष्णतेलाही पलीकडे जाऊ देत नाही. नैसर्गिक पॅनेलात ही दोन कामं एकाच गुणातून होतात. फोमच्या स्वस्त पत्र्यांत ती एकमेकांच्या विरोधात जातात. तिथे उष्णता अडवणारा थर हाच बऱ्याचदा आगीत आधी वितळतो किंवा पेटतो.

मॉडसेल पॅनेलचं उष्णता झिरपण्याचं मोजमाप, ज्याला यू-मूल्य म्हणतात, ०.१९ च्या आसपास आहे. दोन बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल तर भिंतीच्या दर चौरस मीटरमधून ०.१९ वॉट उष्णता जाते, असा त्याचा अर्थ. आपल्याकडची दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटेची भिंत घेतली तर हा आकडा २ च्या घरात जातो, म्हणजे दहापट. परभणीत मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४२ अंश आहेत आणि आत २८ हवेत. १० चौरस मीटर विटेच्या भिंतीतून सुमारे २८० वॉट आत येत राहतात, पेंढ्याच्या पॅनेलमधून २७. यात उन्हाचा थेट मारा धरलेला नाही आणि वीट तापायला जो वेळ घेते तोही नाही. पण भिंतीमागे भिंत, खोलीमागे खोली असा हिशेब लावत गेलं की कूलरचं बिल कुठे जातं ते समजतं.

एक गोष्ट मात्र सावधपणे लक्षात घ्यावी. उष्णता अडवणारी भिंत आगीची उष्णताही खोलीतच कोंडते. पलंगाला लागलेली आग चांगल्या उष्णतारोधक खोलीत लवकर तापमान चढवते. शेजारची खोली वाचते, पण त्या खोलीतल्या माणसाला मिळणारा वेळ कमी होऊ शकतो. म्हणून अशा घरात धुराचा गजर आणि बाहेर उघडणारी दुसरी वाट यांत काटकसर करू नये.

ओल, वारा आणि भेग

बेलहाऊसच्या भिंतींमध्ये ओल मोजणारी यंत्रं बसवली होती. वर वर पाहता याचा आगीशी संबंध दिसत नाही. पण काड ओलं राहिलं, वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाणी धरू लागलं, की कुजायला लागतं. कुजलेली गाठ बसते. बसली की वरच्या चौकटीखाली बोटभर मोकळी जागा तयार होते. पावसानं केलेली ही पोकळी आगीच्या कामी येते. शेताच्या कोठारात कोरड्यात भरण्याचा मुद्दा इथे परत येतो.

चुन्याचा गिलावा निवडण्यामागेही हेच कारण आहे. चुना श्वास घेतो: भिंतीत गेलेली वाफ त्यातून परत बाहेर पडते. कडक सिमेंटचा गिलावा तुलनेनं वाफ अडवतो आणि भिंत हलली की त्याला सरळ भेग जाते. अमेरिकेतल्या चाचणीत सिमेंटच्या गिलाव्याला मातीपेक्षा जास्त मिनिटं मिळाली, हे खरं आहे. तरी जास्त पावसाच्या प्रदेशात मी सिमेंट निवडणार नाही. भट्टीत दोन तास टिकणारी आणि दहा पावसाळ्यांत आतून कुजणारी भिंत कुणाच्या उपयोगाची?

वाऱ्याची चाचणीही याच धाग्यात बसते. जलदाबाचे जॅक लावून घराच्या भिंतीवर ताशी १२० मैलांच्या, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटरच्या वादळाइतका जोर दिला, तेव्हा घर जेमतेम ४ मिलिमीटर हललं. बातम्यांत याचं कौतुक “तीन डुकरांच्या गोष्टीतलं घर टिकलं” असं झालं. माझ्या दृष्टीनं त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की, घर इतकं कमी हललं तर गिलावा फाटण्याचं कारण तेवढं कमी झालं. आणि गिलावा शाबूत आहे तोवरच भट्टीतला तो निकाल खरा आहे.

पुढे काय झालं

२०१३ साली लीड्स शहरात ‘लायलॅक’ नावाची वीस घरांची सहनिवास वसाहत याच पॅनेलांनी उभी राहिली. युरोपीय संघाच्या मदतीनं झालेल्या पुढच्या संशोधनानंतर पॅनेलला प्रमाणपत्र मिळालं आणि कर्ज-विम्याची कोंडी फुटली. २०१५ साली ब्रिस्टलजवळच्या शायरहॅम्प्टनमध्ये सात घरं खुल्या बाजारात विक्रीला आली. बाहेरून त्यांना विटेचा मुलामा दिला होता, आजूबाजूच्या घरांत मिसळून जावीत म्हणून. काहींना ती लबाडी वाटली. मला नाही वाटली. जी भिंत लोकांच्या नजरेत भरत नाही, तीच खऱ्या अर्थानं रुळलेली असते.

मग १४ जून २०१७ ची रात्र आली. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात लागलेली आग चोवीस मजल्यांच्या बाहेरच्या आवरणावरून वर गेली आणि ७२ माणसं मेली. त्या आवरणात पेंढा नव्हता. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीनचा गाभा होता, मागे फोमचं उष्णतारोधन, आणि मध्ये उभी मोकळी पोकळी. भुशाच्या शेगडीतल्या बाटलीची जागा, चोवीस मजले उंच. पोकळी मध्येमध्ये तोडणारे अडसर असायला हवे होते. जिथे ते होते तिथेही नीट बसवलेले नव्हते.

२०१८ च्या डिसेंबरपासून इंग्लंडमध्ये १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वलनशील माल वापरायला बंदी आली. पेंढा आणि लाकूड दोन्ही त्या बंदीत सापडतात. नैसर्गिक बांधकामवाल्यांना याचं वाईट वाटलं. प्लास्टिकच्या पापाची शिक्षा काडाला, असं ते म्हणतात. मला ती बंदी समजते. उंच इमारतीत माणसांना बाहेर पडायला वेळ लागतो आणि धुमसणारी भिंत उपसायला दहाव्या मजल्यावर कुणी पोहोचत नाही. पेंढ्याच्या पॅनेलचं घर दोन-तीन मजल्यांचं. शाळा, दवाखाना, शेतघर, ग्रामपंचायतीचं कार्यालय यांना तेवढं पुरतं.

आपल्या अंगणात

कोकणात आणि सह्याद्रीच्या पाड्यांवर कारवीचा कुड शतकानुशतकं आहे. उभ्या कारव्या, आडवी बांधणी, दोन्ही अंगांना शेणमातीचं लिंपण. रचनेनं ते मॉडसेलचंच धाकटं भावंड: आत जळणारं, बाहेर न जळणारं. दर सणाला, दर पावसाळ्यानंतर घरातल्या बायका जे सारवण करत आल्या, त्यात भेगा बुजत होत्या. अग्निरोधाची देखभाल म्हणून त्या कामाकडे कुणी पाहिलं नाही, पण ती होत होती. अशा घराला आग लागायची ती बहुधा छपरातून, उघड्या गवतातून. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं गवताच्या छपरावर न धुपणाऱ्या मातीचा लेप द्यायची पद्धत काढली, ती याच जागेवर बोट ठेवते. कुड पातळ असतो, हे मात्र कबूल करायला हवं. चार बोटं मातीची भिंत उष्णता अडवण्यात नऊ इंची विटेपेक्षाही मागे पडते. कुडाला जाडी हवी, आणि ती जाडी ठासलेल्या काडाची हवी.

काड कुठलं, हा पुढचा प्रश्न. ज्वारीचा कडबा भिंतीत घालायला मी कधीही सांगणार नाही. ती जनावराची भाकरी आहे. पण सांगली-कोल्हापूरकडे उसाचं पाचट अजूनही फडातच पेटवलं जातं, आणि भंडारा-गोंदियाकडे भाताचा पेंढा भरपूर निघतो. भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त, म्हणून तो कुजायला आणि जळायला गव्हाच्या काडापेक्षा चिवट. जनावरं तो नाइलाजानं खातात, त्याचंही कारण तेच. भिंतीसाठी मी तिकडे आधी बघेन. वाळवी हा आपला शत्रू बाथवाल्यांना नव्हता, म्हणून दगडी जोतं निदान दीड-दोन फूट उंच हवं. आणि अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणात, पडवीचं खोल छप्पर असल्याशिवाय हे पॅनेल लावूच नये. विदर्भ-मराठवाड्याची कोरडी हवा आणि तिथला उन्हाळा, या दोन्ही गोष्टी त्याला अनुकूल आहेत.

सगळ्यात मोठा धोका मला घर पूर्ण झाल्यानंतरचा वाटत नाही, बांधकाम चालू असतानाचा वाटतो. गाठी उघड्या, जमिनीवर घोटाभर सुटं काड, आणि त्याच वेळी वेल्डर लोखंडी जिन्याचं कठडं जोडतो आहे. सुटं काड म्हणजे गंजच. रोज संध्याकाळी जागा झाडून काड बाहेर काढणं, गिलाव्याचा पहिला हात चढेपर्यंत वेल्डिंग आणि बिडी दोन्ही बंद ठेवणं, पाण्याचे पिंप भरलेले ठेवणं. हे नियम नकाशावरच लिहून, मुकादमाची सही घेऊन चिकटवावेत.

आणि बाथचं प्रमाणपत्र आपल्या भिंतीला लागू होत नाही. त्यांची गाठ, त्यांचा चुना, त्यांची चौकट, त्यांचे सांधे, या सगळ्याची मिळून ती दोन तासांची परीक्षा होती. आपलं पाचट, आपली माती, आपला सुतार आला की भट्टीत भिंत पुन्हा उभी करावी लागेल. ती करताना एक वाईट सवय मोडायला हवी. चाचणीला नेहमी सगळ्यात देखणा नमुना जातो: गुळगुळीत, सलग, ना खिडकी ना सांधा. मी पाठवेन ती भिंत अशी असेल: मधोमध दोन पॅनेलांचा जोड, एका बाजूला खिडकीची चौकट, एका कोपऱ्यात विजेचा बोर्ड आणि त्यातून आलेली नळी. आणि भट्टीत जाण्याआधी ती एक अख्खा पावसाळा उघड्यावर, फक्त छपराखाली, उभी राहिलेली असेल.